क्रिएटिनला सुट्टी द्यायची का?

"मॅडम, दोन महिने झाले की क्रिएटिन बंद करायचं असतं ना?"

क्रिएटिन म्हणजे ताकद आणि स्नायू वाढावेत म्हणून घेतली जाणारी पावडर. वजनं उचलणारी मुलं आहाराचं विचारायला माझ्याकडे येतात, तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो. हल्ली मुलीही विचारतात. विचारण्याचा सूर ठरलेला असतो: उत्तर आम्हाला माहीत आहे, तुम्ही फक्त हो म्हणा. मी हो म्हणत नाही. निरोगी प्रौढ माणूस रोज 3 ते 5 ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट घेत असेल तर त्यानं मुद्दाम खंड पाडावा, असं म्हणायला आधार नाही. खरं तर एवढ्यावर विषय संपायला हवा. पण 'ब्रेक घेऊ का' असं विचारणाऱ्याच्या मनात बऱ्याचदा वेगळंच काहीतरी चाललेलं असतं. एका तरुणाच्या बाबतीत ते बाहेर यायला दोन भेटी लागल्या. त्याचीच गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पंचविशीच्या आसपासचा मुलगा, बैठी नोकरी, संध्याकाळी न चुकता जिम. मांस-मासे खात नाही. सोबत एक वही घेऊन आला होता. मला अशी माणसं आवडतात, कारण आठवणीपेक्षा वही बरी. पानावर तारीख, सकाळचं वजन, दंडाचा घेर, बेंच प्रेस (बाकावर झोपून छातीवरून वजन उचलणं). क्रिएटिन चालू असलेले आठवडे हिरव्या शाईत, बंद असलेले लाल शाईत. आठ आठवडे हिरवे, चार लाल, पुन्हा आठ हिरवे. हिरवा टप्पा सुरू झाला की पहिल्या आठवड्यात '5 ग्रॅम × 4' असं लिहिलेलं, म्हणजे लोडिंग: साठा लवकर भरावा म्हणून सुरुवातीचे काही दिवस घेतलेली मोठी मात्रा. आणि त्या आठवड्याच्या कोपऱ्यात दर वेळी एकच शब्द: 'पोट'.

"हे पोट म्हणजे काय?"

तो जरा अवघडला. "लूज मोशन होतात, मॅडम. पण चार-पाच दिवसच."

लाल पानांवरही शेरे होते. वजन 74 वरून 72.6 वर आलं, तिथे 'मसल गेले' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. म्हणजे वर्षातून कितीतरी वेळा हा मुलगा आधी जुलाब सोसत होता आणि मग स्नायू गेल्याचं दुःख करत होता. हे सगळं कशासाठी? "ट्रेनर म्हणाले, सायकल करायची. नाहीतर बॉडीला सवय लागते, मग काम करत नाही."

ही सायकलची भाषा स्टेरॉइडवाल्यांची. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, वृषणं सुस्तावतात. म्हणून ते लोक काही आठवडे घेतात, मग थांबतात, मग गाडी रुळावर आणायला आणखी औषधं घेतात. जिममध्ये एकाच बाकावर बसून दोन्ही गोष्टींच्या गप्पा होतात आणि एकीचा नियम दुसरीला चिकटतो. क्रिएटिन हे संप्रेरक नाही. ते मांसात आणि माशांत असतं, आणि आपलं शरीरही तीन अमिनो आम्लांपासून मूत्रपिंड आणि यकृतात रोज साधारण एक ग्रॅम तयार करतं. 1832 मध्ये शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ते मांसाच्या अर्कातून वेगळं काढलं, म्हणजे पदार्थ काही कालपरवाचा नाही. जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेच्या बंदी-यादीतही ते नाही.

तरी ट्रेनरच्या बोलण्यात काहीच तथ्य नाही असं मी त्याला म्हटलं नाही, कारण थोडं आहे. बाहेरून क्रिएटिन मिळू लागलं की शरीर स्वतःचं उत्पादन कमी करतं. पण ते बंद पडत नाही, आणि पावडर थांबवली की पुन्हा वाढतं. दुसरी गोष्ट उंदरांची. 1998 मध्ये उंदरांवरचा एक अभ्यास आला: त्यांना दीर्घकाळ भरपूर क्रिएटिन खाऊ घातल्यावर स्नायूत क्रिएटिन ओढून घेणारी प्रथिनं कमी झालेली दिसली. 'सवय लागते' या समजुतीला तिथून बळ मिळालं. पुढे 2003 मध्ये तरुण आणि वयस्क माणसांमध्ये त्याच वाहक प्रथिनाच्या जनुकाची सक्रियता तपासली, तेव्हा नेहमीच्या मात्रेत क्रिएटिन घेऊन ती घटलेली आढळली नाही. म्हणून उंदरांचं भय माणसानं घ्यायचं कारण नाही.

सवय लागण्याची कल्पना बहुधा कॉफीवरून आली असावी. पण कॅफिन मेंदूतल्या ग्राहींवर काम करतं, तिथे शरीर जुळवून घेतं. क्रिएटिनचं काम साठ्याचं आहे. स्नायूतली टाकी एका मर्यादेपर्यंत भरते, भरली की वरचं लघवीवाटे वाहून जातं. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात साधारण 120 ग्रॅम क्रिएटिन असतं, त्यातलं जवळजवळ सगळं स्नायूंत. रोज त्यातलं सुमारे दोन ग्रॅम झिजून क्रिएटिनिन बनतं आणि बाहेर पडतं. तेवढी झीज भरून काढायची आणि पातळी थोडी वर ठेवायची, एवढाच त्या छोट्या चमच्याचा उद्देश. दोन महिन्यांनी त्याचा 'असर' गेला असं जे वाटतं, ते टाकी भरल्याचं लक्षण आहे. पहिल्या आठवड्यांतली वाढ दर महिन्याला कशी दिसेल?

मग मी त्याला वहीच वाचायला लावली, या वेळी वजनाच्या रकान्याकडे न बघता. बेंच प्रेस, 80 किलो. हिरव्या पानावर 6 रेप्स (म्हणजे एका दमात सहा वेळा उचल), 6, 7. लाल पानावर 6, 6, 5, पुन्हा 6. बराच वेळ तो पानं मागे-पुढे करत राहिला.

"म्हणजे ताकद गेलीच नव्हती?"

"शेवटची एखादी रेप गेली असेल. स्नायू नाही."

क्रिएटिन स्नायूच्या पेशीत जातं तेव्हा सोबत पाणी ओढून नेतं. सुरुवातीला किलो-दीड किलो वजन वाढतं ते मुख्यतः या पाण्याचं. बंद केल्यावर उतरतं तेही तेच. व्यायाम चालू असेल, आहार ठीक असेल, तर महिनाभराच्या खंडानं कमावलेला स्नायू जात नाही. त्याच्या वहीत लाल शाईनं जे गेलं असं लिहिलं होतं, ते पाणी होतं. एक आणखी गंमत त्याच्या ध्यानात आणून दिली. पावडर थांबवल्यावर स्नायूतला साठा मूळ पातळीवर यायला चार ते सहा आठवडे लागतात. याचा ब्रेक चारच आठवड्यांचा. म्हणजे टाकी जेमतेम खाली येते, तोवर हा पुन्हा लोडिंग करून पोट बिघडवून घेतो. काही जण तर आठवडाभराचीच सुट्टी घेतात. स्नायूला त्या सुट्टीची गंधवार्ताही नसते.

लोडिंगबद्दल माझं मत आधीच सांगते: बहुतेकांना त्याची गरज नाही. एरिक हल्टमन या संशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवलं की रोज 20 ग्रॅम सहा दिवस घेतलं काय किंवा रोज 3 ग्रॅम अठ्ठावीस दिवस घेतलं काय, स्नायूतली वाढ जवळपास सारखीच होते. स्पर्धा आठवड्यावर आली असेल तर गोष्ट वेगळी. एरवी तीन आठवड्यांची घाई करून शौचालयाच्या फेऱ्या कशाला घालायच्या? शिवाय त्याचा स्कूप, म्हणजे डब्यातला मापाचा चमचा. मी त्याला घरी वजनकाट्यावर मोजायला सांगितलं. तो भरायचा तसा शिगोशीग भरला, तर 5 ग्रॅमच्या स्कूपमध्ये 8 ग्रॅमच्या वर पावडर निघाली. चार वेळा म्हटल्यावर तीस ग्रॅमच्या पुढे. पोट बिचारं काय करणार.

इथे पहिली भेट संपली आणि मला वाटलं, प्रश्न सुटला. तो मात्र समाधानी दिसत नव्हता. उठता उठता म्हणाला, "पण किडनीला थोडी विश्रांती दिलेली बरी ना?"

दुसऱ्या भेटीत वहीच्या मागच्या कव्हरमध्ये घडी घालून ठेवलेला कागद निघाला. नोकरीच्या ठिकाणच्या आरोग्य तपासणीचा रिपोर्ट: क्रिएटिनिन 1.38, शेजारी वर दाखवणारा बाण. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय, हे रक्तातल्या याच आकड्यावरून बघतात. आई घरी रोज म्हणत होती, ती पावडर टाकून दे. तिला त्यानं हा कागद दाखवलाच नव्हता. चार लाल आठवडे म्हणजे त्याच्या लेखी किडनीचं प्रायश्चित्त होतं. ट्रेनरचं सायकलचं तत्त्व त्याला सोयीचं पडलं, इतकंच.

मी डॉक्टर नाही, आणि असा रिपोर्ट पाहून 'काही होत नाही' म्हणणं हे माझं काम नाही. पण प्रश्न विचारणं आहे. रक्त कधी दिलं? हिरव्या टप्प्यात. आदल्या संध्याकाळी काय केलं होतं? पायांचा जड व्यायाम. वजन, स्नायू? सरासरीपेक्षा जास्त. या तिन्ही गोष्टींनी क्रिएटिनिन वर जाऊ शकतं, मूत्रपिंड ठणठणीत असतानाही. क्रिएटिन जास्त, तर त्याच्या झिजेतून बनणारं क्रिएटिनिनही जास्त. आणि मूत्रपिंडाची गाळणक्षमता बहुतेक रिपोर्टात याच आकड्यावरून गणितानं काढतात, त्यामुळे तीही कमी दिसते. अशा वेळी सिस्टॅटिन सी नावाची दुसरी तपासणी उपयोगी पडते. तिच्यावर स्नायूंचा आणि क्रिएटिनचा फारसा प्रभाव नसतो. चिठ्ठी लिहून त्याला डॉक्टरांकडे पाठवलं, आणि पावडर घेतो हे आधी सांग, लपवू नकोस, असं दोनदा बजावलं. मुलं हे डॉक्टरांना सांगत नाहीत, आणि डॉक्टर मग बाणावर उपचार करतात.

सिस्टॅटिन सी आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन, दोन्ही व्यवस्थित आलं.

त्या धास्तीला एक जुना इतिहासही आहे. 1998 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका तरुणाची हकिगत आली होती: क्रिएटिन घेताना त्याच्या मूत्रपिंडाचं काम ढासळलं, थांबवल्यावर सुधारलं. बातमी पसरली, पण त्या तरुणाला मूत्रपिंडाचा आजार आधीपासून होता, हा भाग मागे राहिला. निरोगी लोकांवरच्या त्यानंतरच्या अभ्यासांत, अगदी काही वर्षं सलग घेणाऱ्यांतही, नेहमीच्या मात्रेनं मूत्रपिंड बिघडल्याचं दिसलेलं नाही. मात्र ज्याचं मूत्रपिंड आधीच आजारी आहे, किंवा ज्याला मूत्रपिंडावर ताण आणणारी औषधं चालू आहेत, त्यानं आठ आठवडे चालू, चार बंद असला खेळ करूच नये. त्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबाच उघडू नये. ब्रेकनं धोका अर्धा होत नाही. गरोदरपणात आणि वाढीच्या वयातल्या मुलांनाही मी परस्पर घेऊ देत नाही.

मग कधीच थांबायचं नाही का? थांबा की. वजनगटाच्या स्पर्धेआधी तो किलोभर नको असतो. रक्ततपासणीचा घोळ टाळायला डॉक्टर काही आठवडे बंद करायला सांगतात. पोटाला मानवत नाही. डबा संपला, आणायचा कंटाळा आला. या सगळ्या रास्त कारणांना माझी हरकत नाही, आणि त्यानं नुकसानही होत नाही. पुन्हा सुरू करताना थेट रोजच्या मात्रेवर यायचं, तीन-चार आठवडे वाट बघायची. माझी हरकत आहे ती भीतीपोटी पाळलेल्या वेळापत्रकाला, कारण त्यात खरी तपासणी राहून जाते. केस गळण्याचंही त्यानं विचारलं. एका जुन्या छोट्या अभ्यासात एका संप्रेरकाची पातळी वाढलेली दिसली होती, केस कुणी मोजले नव्हते, एवढं सांगून मी पुढे गेले.

घ्यायचं की नाही, हे मी त्याच्यावर सोडलं. मांसाहार नसणाऱ्यांच्या स्नायूत मुळात साठा कमी असतो, त्यामुळे त्यांना फरक जरा जास्त जाणवतो, हेही सांगितलं. त्यानं सपाट स्कूपनं रोज 4 ग्रॅम, लोडिंग नाही, असं ठरवलं.

काही महिन्यांनी फोन आला. त्याचा असेल म्हणून उचलला, तर पलीकडे त्याची आई. मुलानं दोन्ही रिपोर्ट दाखवले म्हणाल्या. मी पुन्हा एकदा किडनीचं समजावायच्या तयारीत होते. त्यांनी मला थांबवलं. "ते कळलं हो, ताई. मला विचारायचं होतं, साठीनंतर घेतलं तर चालतं का? जिना चढताना मांड्या भरून येतात."

रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का, मूत्रपिंडाची तपासणी कधी झाली, हे विचारलं. उतारवयात वजनांच्या व्यायामासोबत घेतल्यास स्नायूंना थोडी मदत होते, पण व्यायामाशिवाय नुसत्या पावडरीचा फारसा उपयोग नाही, असं सांगितलं.

"म्हणजे मला जिमला जावं लागेल?"

"आधी डॉक्टर. मग जिम. पावडरचं नंतर बघू."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि फोन मुलाकडे दिला.