म्युझियममध्ये गेलं की अर्ध्या तासात पाय दुखतात आणि सगळं सारखंच दिसायला लागतं. एक्झिबिशन डिझाइन शिकणारे तिथे नेमकं काय बघतात?

तुमच्या पायदुखीपासूनच सुरुवात करते, कारण आमचा अभ्यासही तिथूनच सुरू झाला. मी एक्झिबिशन डिझाइनच्या, म्हणजे प्रदर्शनात वस्तू कशा मांडायच्या या अभ्यासाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्याच सत्रात सरांनी एक जुना लेख वाचायला दिला. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात बेंजामिन गिलमन नावाचे एक अधिकारी होते. त्यांनी एका माणसाला तिथल्या वस्तूंबद्दल साधे प्रश्न दिले आणि तो उत्तरं शोधत असताना त्याचे फोटो काढले. त्या फोटोंत तो कुठे कमरेत वाकलाय, कुठे चक्क उकिडवा बसलाय, कुठे मान वाकडी करून काचेतून आत डोकावतोय. हा लेख १९१६ साली छापून आला, म्हणजे शंभर वर्षं होऊन गेली. तेव्हा पाय दुखतात म्हणून आपल्याला यातलं काही कळत नाही असं कृपा करून समजू नका. पुष्कळदा शोकेसच चुकीच्या उंचीवर बसवलेली असते.

म्हणून आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं मी वस्तू बघत नाही, माणसं बघते. आमचा पहिला गृहपाठच तो होता: दालनाचा नकाशा कागदावर काढायचा, एका कोपऱ्यात बसायचं आणि येणारा प्रत्येक माणूस कसा फिरतो ती रेघ पेन्सिलीने ओढायची. थांबला की टिंब. फार वेळ थांबला तर किती मिनिटं तेही लिहायचं. दोन तासांनी कागदावर काही शोकेससमोर टिंबांची गर्दी होती आणि काहींसमोरून नुसत्या रेघा सरळ निघून गेल्या होत्या. त्या रेघा बघून मला खरंच वाईट वाटलं. कुणीतरी घडवलेली, कुणीतरी जपलेली वस्तू, आणि तिच्यासमोर दोन तासांत एकही माणूस थांबला नाही.

काचा पण बघत जा. दुपारनंतर काचेवर बोटांचे ठसे उमटलेले असतात, आणि बरेचदा जमिनीपासून मीटरभर उंचीवर नाकाचा एक गोल डागही असतो. तिथे एखादं मूल नाक लावून उभं होतं. ती वस्तू चांगली मांडली आहे हे मला त्या डागावरून कळतं.

उंचीबद्दल थोडं सांगते. भिंतीवरच्या चित्राचा मध्य साधारण १४५ ते १५० सेंटीमीटरवर धरायची पद्धत आहे. माझी आई पाच फुटांची, म्हणजे तिची नजर १४० च्या आसपास. चित्र तिला चालून जातं. खरा त्रास लेबलचा. गुडघ्याच्या उंचीवर, वर दिवा, आणि वाचायला वाकलं की आपल्याच डोक्याची सावली अक्षरांवर पडते. त्यात देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार. इंग्रजीचं माप धरून ओळी जवळजवळ बसवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. मराठी मजकुराला ओळींमध्ये जास्त मोकळी जागा द्यावीच लागते, आणि यावर मी वर्गात दर वेळी भांडते.

अंधाराबद्दल मात्र रागावू नका. जुनं कापड, कागद, लघुचित्रं यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) जास्त उजेड पडू देत नाहीत. घरात अभ्यासाच्या टेबलावर याच्या सहापट तरी असतो. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही, आणि आजचं नुकसान कालच्यात मिळवलं जातं. आपण पैठणी उन्हात टाकत नाही, अधूनमधून घडी बदलतो, त्यातलाच हा प्रकार. अशा दालनात शिरताना दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहा. डोळे सरावले की रंग आपोआप वर येतात.

आता मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेली भेट सांगते. पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून जमवलेल्या सुमारे २०,००० वस्तू, आणि नाव दिलं ते लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. पुढे त्यांनी हा सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला. दिवे, अडकित्ते, कुलपं, दरवाजे, वाद्यं, सगळी वापरातली. मी वही घेऊन गेले होते, बरोबर आजी होती.

पितळी वज्रींसमोर आजी थबकली. वज्री म्हणजे न्हाणीत टाचा घासायची. मी तिच्यावरचं नक्षीकाम वहीत उतरवत होते. आजीने हवेतच मूठ वळली, पाऊल थोडं उचललं आणि टाचेवरून हात मागे-पुढे नेऊन दाखवला. म्हणाली, "अगं, कामाची बाजू खाली असते. खरखरीत. वरचं सगळं धरायला." मी अर्धा तास वज्री काढत होते आणि ती वापरायची कशी हे माझ्या चित्रात कुठेच नव्हतं. शेजारी उभी असलेली दोन अनोळखी मुलंही आजीचा हात बघत होती.

तेव्हापासून प्रत्येक वस्तूसमोर मी स्वतःला एकच विचारते: ही हातात कशी धरत असतील? अडकित्ता मिटून ठेवला तर तो पितळी पक्षी दिसतो, उघडून ठेवला तर सुपारी दिसायला लागते. एका लहान गावच्या संग्रहालयात मी 'पितळी वस्तू, १९ वे शतक' एवढंच लेबल पाहिलंय. ते खोटं नव्हतं, पण त्यातून कुणालाच काही मिळालं नसतं.

तुम्ही पुढच्या वेळी जाल तेव्हा सगळं बघायचा हट्ट सोडा. तिकीट काढलंय म्हणून पैसे वसूल करायला गेलं की पाय दुखणारच. एक दालन निवडा, त्यातल्या तीन वस्तू, आणि मध्ये बाकावर बसा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलात तर घुमटाखाली उभं राहून वर बघा, जुन्या वाड्यातलं लाकूडकाम तिथे बसवलेलं आहे. भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुंबईच्या माणसांचे मातीचे छोटे पुतळे आहेत. ते लहान मुलांबरोबर बघा, कारण पगड्यांमधला फरक मुलांना आपल्याआधी दिसतो. आणि घरातलं एखादं म्हातारं माणूस बरोबर न्या, हे अगदी मनापासून सांगते.

या सत्रात मी वज्रीसाठीच स्टँड करतेय. पारदर्शक पट्टीवर वज्री, खाली तिरका आरसा, म्हणजे तळ दिसावा. आरसा कमी तिरका ठेवला की आईला तळ दिसतो आणि शेजारच्या पहिलीतल्या मुलाला नुसती मागची भिंत. जास्त तिरका केला की त्याला दिसतो आणि आईला गुडघे वाकवावे लागतात. आता स्टँडच वीत-दीड वीत खाली घेऊन बघतेय, म्हणजे दोघंही वरूनच बघतील. रविवारी आजी येणार आहे, तिला खुर्चीवर बसवून तिसरं माप घ्यायचंय.