आप्पांचं अर्धं बरोबर आहे

प्रश्न : आमचे आप्पा आयुष्यभर यंत्रमागावर होते, रविवारचा सिनेमा मात्र कधी चुकवला नाही. परवा टीव्हीवर 'पिंजरा' लागला आणि आप्पा म्हणले, शांतारामबापूंनी इथंच थांबायला पायजे होतं. मी म्हणलं कलाकार कसला रिटायर होतोय. झालं, जेवताना वाद, आई म्हणतीय आमटी गार व्हायलीय. तुम्हीच सांगा, कोण बरोबर?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आप्पा अर्धे बरोबर हायेत, पण वयाचा मुद्दा घेऊ नका. बापूंचा जन्म १९०१चा, 'पिंजरा' आला १९७२ला, म्हणजे सत्तरीतच की ओ! आणि धाडस बघा, गुरुजीच्या कामाला घेतले डॉ. लागू, तेव्हा ते सिनेमात नवेच. (याच बापूंनी १९४६ला आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांवर सिनेमा काढून कोटणीसांचं काम स्वतः केलं होतं, हे आप्पांना सांगून बघा, खूश होतील.) 'पिंजरा'त गावाला वाटतं गुरुजी मेले, गाव त्यांचा पुतळा उभारतं, आणि शेवटी स्वतःच्याच खुनासाठी फासावर जातात ते गुरुजीच. मला वाटतं म्हाताऱ्या दिग्दर्शकाचं पण असंच होतं, गावात त्याचा पुतळा झालेला असतो आणि आता त्याला हार घालत बसायचं का तो बाजूला सारायचा एवढाच प्रश्न उरतो. बापूंचाच १९८७चा 'झंझार' चालला नाही. देव आनंद तर २०११ला 'चार्जशीट'मध्येपण हिरोच, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी! माणूस म्हणून सलाम, पण सिनेमा शेवटपर्यंत बघवत नाही हो, खोटं कशाला बोलू.

उलट सत्यजित राय बघा. १९८३ला हार्ट अटॅक आला, पुढं बाहेरच्या शूटिंगची दगदग डॉक्टरांनी बंद केली. मग त्यांनी घरातलेच सिनेमे काढले. शेवटचा 'आगंतुक', १९९१चा. पस्तीस वर्षांनी मामा दारात येतो, हा खरा मामा का तोतया म्हणून घरात कुजबुज, तर मामा झालेले उत्पल दत्त स्वतःच पासपोर्ट पुढं करतात आणि वर म्हणतात, यावरून तरी काय कळणार? आख्खा सिनेमा बहुतेक बैठकीच्या खोलीत आणि गप्पांवर, पण उठावंसं वाटत नाही.

आणि दिग्दर्शिका सुमित्रा भावे, त्यांचा 'दोघी'च पन्नाशीनंतरचा, मग उतारवय मोजायचं कुठनं? 'दिठी' २०२१ला त्या गेल्यानंतर आला. आप्पांना तो दाखवा. सुरुवातीला हळू वाटेल, लाइट गेली बरं झालं असं म्हणतील, पण गाय अडते आणि पोरगा गमावलेला रामजी लोहार तिला सोडवायला जातो तिथपर्यंत उठू देऊ नका.

प्रश्न : नटाचा शेवटचा सिनेमा बघायचा तर कुठला?
– एक कॉलेजकुमार, सात रस्ता

उत्तर : 'गरम हवा'. बलराज साहनी साठीचेपण नव्हते, डबिंग संपवलं आणि दुसऱ्या दिवशी गेले, १३ एप्रिल १९७३. हवेली सोडायची वेळ येते तेव्हा त्यांची म्हातारी आई लाकडं ठेवायच्या कोठीत लपून बसते, तिला अक्षरशः उचलून न्यावं लागतं. तिथं साहनींचा चेहरा बघ, डायलॉग सोडून दे.