विनोदी किंवा सिनेमा-मालिकांवर गप्पा मारणारे, खरंच ऐकण्यासारखे पॉडकास्ट कोणते?

कोथरूड ते हिंजवडी कंपनीच्या बसने जाऊन-येऊन तीन तास, मराठी-हिंदी-इंग्रजी काहीही चालेल, आणि "दोन-तीन ऐकून बघितले, पण ती माणसं आपापसातच खिदळत बसतात, मला काही हसू येत नाही." तुमच्या प्रश्नातलं हे शेवटचं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. तक्रार अगदी रास्त आहे.

आधी माझा अधिकार सांगते. मी नारायण पेठेत एका छोट्या डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवते. पूर्ण कवळी म्हणजे वरचे चौदा आणि खालचे चौदा, असे २८ दात मेणात एकेक करून बसवायचे. हात आणि डोळे गुंतलेले, कान मोकळे. पॉलिशची मोटर सुरू झाली की काही म्हणता काही ऐकू येत नाही, पण तेवढा वेळ सोडला तर दिवसाचे चार-पाच तास कानात कोणी ना कोणी बोलत असतं. दहा-बारा वर्षं हेच चाललंय.

एवढं ऐकून माझं एक ठाम मत झालंय. गप्पांना खुंटी लागते. चार मित्र माइक लावून बसले आणि "आज काय बोलायचं रे?" असं सुरू झाले, की समजावं, पुढचा तास त्यांचा मस्त जाणार आहे, आपला नाही. तेच चौघं भेंड्या खेळायला बसले तर जाता-येता माणूस दारात थबकून ऐकतो. त्याला त्या चौघांची ओळख नसते, पण खेळ माहीत असतो. कोण अडकलं, कोणी लबाडी केली, हे त्यालाही कळतं. तुम्ही ऐकलेल्या पॉडकास्टना बहुतेक खुंटीच नसावी.

माझ्या यादीत पहिला 'ऑफ मेन्यू'. एड गॅम्बल आणि जेम्स अकॅस्टर हे दोन ब्रिटिश विनोदवीर २०१८ च्या डिसेंबरपासून तो करतायत. कल्पना अशी की एक स्वप्नातलं हॉटेल आहे. एड तिथला मॅनेजर, जेम्स दिव्यातला जिन. पाहुण्याने आपलं मनातलं जेवण मागवायचं: स्टार्टर, मुख्य पदार्थ, जोडीला काही, पेय, गोड. कुठल्याही देशातलं, कुठल्याही वर्षातलं, मेलेल्या आजीच्या हातचंसुद्धा. आणि मध्येच, पाहुणा बेसावध असताना, जेम्स किंचाळतो, "पॉपडम्स ऑर ब्रेड?" म्हणजे पापड की पाव. दर भागात एक गुप्त पदार्थ ठरलेला असतो. पाहुण्याने नेमका तोच मागितला तर त्याला हॉटेलातून हाकलतात.

बस, इतकंच. पण माणूस जेवणाबद्दल बोलताना मुलाखतीची तयारी विसरतो. आपल्या नव्या सिनेमाबद्दल ठरीव वाक्यं बोलायला आलेला नट शाळेच्या डब्यातल्या कुठल्याशा सँडविचवरून हळवा होतो आणि मग जेम्स त्याला त्या सँडविचवरून छळतो. निम्म्या पाहुण्यांची नावंही मला माहीत नव्हती, काही अडलं नाही. उच्चार सुरुवातीला अवघड जातील. पहिल्या तीन-चार भागांत माझंही बरंच निसटलं होतं, मग कान बसला.

आमच्या घरी हा खेळच झालाय. सासूबाईंना विचारलं, पापड की पाव? "पाव कशाला? मी काय आजारी आहे?" पापडही उडदाचाच, आणि भाजलेला. पुढे मसालेभात, मठ्ठा, जिलबी. टेबल-खुर्ची नको, पंगत हवी, आणि वाढणारा पुन्हा फिरकला पाहिजे. आम्ही गुप्त पदार्थ शेपू ठेवला होता. त्या कशाला मागतायत!

दुसरा सांगितला तर या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचे लोक जरा नाराज होतील. 'माय ब्रदर, माय ब्रदर अँड मी' हा जस्टिन, ट्रॅव्हिस आणि ग्रिफिन या तीन मॅकएलरॉय भावांचा, २०१० पासूनचा. ते लोकांच्या अडचणींवर सल्ला देतात आणि सुरुवातीलाच बजावतात की आम्ही तज्ज्ञ नाही, आमचा सल्ला कधीही पाळू नका. श्रोत्यांचे प्रश्न असतातच, पण खरी मजा होती याहू आन्सर्स या अशाच साइटवरून उचललेल्या अचाट प्रश्नांची. ग्रिफिन ते न्यूज वाचल्यासारख्या गंभीर आवाजात वाचायचा आणि मग तिघं मिळून त्याचा कीस पाडायचे. २०२१ च्या मे महिन्यात याहू आन्सर्स बंद झालं आणि यांची विहीरच आटली. म्हणून म्हणते, त्याआधीचे भाग शोधून ऐका. तिघं सख्खे भाऊ असल्यामुळे कोणी कोणाला सांभाळून घेत नाही. लहान मुलं शेजारी असतील तर मात्र स्पीकरवर लावू नका.

तीन हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. दोघं असले की एक बोलतो, एक हसतो. तिसरा आला की दोघांना एक बकरा मिळतो. आपल्याकडे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर 'पुन्हा प्रपंच'मध्ये पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी होते, बाबा आजही त्या टेकाडे भावजींचा आवाज काढून दाखवतात. 'द रिकी जर्वेस शो'ने २००५ च्या डिसेंबरात तेच केलं. जर्वेस आणि स्टीफन मर्चंट हे दोन हुशार ब्रिटिश विनोदवीर, आणि समोर त्यांचा रेडिओचा जुना निर्माता कार्ल पिल्किंग्टन, जगातल्या कुठल्याही गोष्टीवर स्वतःचं तिरपागडं मत असलेला. तो दर वेळी माकडांची एक 'खरी बातमी' सांगतो. आयफोनसुद्धा आला नव्हता तेव्हाचा हा कार्यक्रम, त्या काळी सर्वाधिक डाउनलोडचा गिनेस विक्रम त्याच्या नावावर होता. जर्वेसचं हसणं कधी कधी जरा अतीच होतं, पण कार्लसाठी सहन करा.

'नो सच थिंग अॅज अ फिश' बसच्या प्रवासाला फारच सोयीचा. 'क्यूआय' या बीबीसीच्या प्रश्नमंजूषेसाठी माहिती खणणारी चार माणसं २०१४ पासून दर आठवड्याला एकेक चकित करणारी गोष्ट घेऊन येतात. नावाचीही गंमत आहे. वंशावळ बघितली तर 'मासा' असा एक स्वतंत्र गट उरतच नाही, सामन मासा हा हॅगफिश या दुसऱ्या माशापेक्षा उंटाच्या जवळचा नातेवाईक ठरतो. लॅबमध्ये हे सांगितलं तर आमच्या कोकणातल्या सहकाऱ्याने दोन दिवस माझ्याशी वाद घातला.

आता सिनेमा-मालिका. 'हाऊ डिड धिस गेट मेड?' सगळ्यात आधी. पॉल शीअर, जून डायेन राफेल आणि जेसन मँझुकस, पुन्हा तिघंच, २०१० पासून भयंकर वाईट सिनेमे घेऊन बसतात आणि विचारतात, हा बनला कसा? सिनेमा बघितलेला नसला तरी चालतं, किंबहुना नसलेलाच बरा. शेवटी त्याच सिनेमाला लोकांनी ऑनलाइन दिलेली पंचतारांकित परीक्षणं वाचून दाखवतात. दीड तास ज्याची चिरफाड झाली, त्याच सिनेमावर कोणाचा तरी मनापासून जीव असतो. त्या भागासाठी मी मोटर बंद ठेवते.

थोडक्यात हवं असेल तर अमेरिकेच्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओचा 'पॉप कल्चर हॅपी अवर'. वीसेक मिनिटांत नवीन काय आलंय, बघावं का, एवढं कळतं. 'द रेस्ट इज एंटरटेनमेंट'मध्ये रिचर्ड ओस्मान आणि मरीना हाइड करमणुकीच्या धंद्याची आतली बाजू सांगतात, पैसे कोणाला मिळतात, कार्यक्रम का बंद पडतो वगैरे. ओस्मान स्वतः अनेक वर्षं टीव्हीचे कार्यक्रम बनवत होता, त्यामुळे ऐकीव गप्पा नसतात. करीना लाँगवर्थचा 'यू मस्ट रिमेंबर धिस' विनोदी अजिबात नाही, जुन्या हॉलिवूडचा इतिहास आहे, पण रात्रीच्या परतीच्या बससाठी त्याच्यासारखा दुसरा नाही.

अमेरिकन विनोदवीर मार्क मॅरनचा 'डब्ल्यूटीएफ' हा मुलाखतींचा पॉडकास्ट लोक नक्की सुचवतील. २००९ मध्ये सुरू झाला, २०१५ मध्ये ओबामा राष्ट्राध्यक्ष असताना त्याच्या घरच्या गॅरेजमध्ये येऊन बोलून गेले, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात तो संपला तेव्हा शेवटचे पाहुणेही तेच होते. मोठा कार्यक्रम, यात वाद नाही. पण हसायला म्हणून जाऊ नका. तो माणूस फार उदास आहे.

हिंदीत 'तीन ताल'. आज तक रेडिओवरची ही बैठक ताऊ, बाबा आणि सरदार या तिघांनी जमवली. इथे माझा खुंटीचा नियम मोडतो, कारण विषय कुठूनही कुठेही जातो आणि भाग दोन-दोन तास चालतो. पण हिंदी अशी रसाळ, की शब्दच खुंटीचं काम करतात. श्रोत्यांची पत्रं वाचतात तो भाग चुकवू नका.

आणि मराठी? इथे मी जरा कडवट आहे. 'अमुक तमुक' ऐकते, 'मित्रम्हणे' ऐकते, दोन्हींत चांगली माणसं निवांत बोलतात, पण ते विनोदी नाहीत, तसा त्यांचा दावाही नाही. आपल्याकडे पाहुणा आला की आपण त्याला पाटावर बसवतो, औक्षण करतो आणि "तुमचा प्रवास कसा झाला?" असं विचारतो. प्रवास एसटीचा नसतो, आयुष्याचा असतो. मग तासभर तोच. याला सणसणीत अपवाद म्हणजे भाडिपा या यूट्यूब चॅनेलचं 'कास्टिंग काऊच विथ अमेय अँड निपुण'. ती वेब मालिका आहे, पॉडकास्ट नाही, पण खुंटी पक्की: मुलाखत घेणारे दोघंच बावळट, आणि पाहुण्याचा यथेच्छ अपमान. तसं काही मराठीत फक्त कानांसाठी कोणी केलं तर मी पहिली श्रोती.

दोन सूचना. विनोदी पॉडकास्ट दीडपट वेगाने ऐकू नका, बोलणारा जिथे थांबतो तिथेच अर्धा विनोद असतो. आणि पहिल्या भागापासून सुरुवात करू नका, तेव्हा सगळेच चाचपडत असतात. 'ऑफ मेन्यू'चा मधलाच एखादा भाग घ्या, घरच्या वायफायवर उतरवून ठेवा आणि चांदणी चौक येईपर्यंत कळ काढा. तोवर पापड की पाव झालेलं असेल.

त्या हॉटेलात आल्या आल्या पाणी साधं हवं की बुडबुड्यांचं, हेही विचारतात. सासूबाईंचं उत्तर आधी 'माठातलं' होतं. गेल्या आठवड्यात त्यांनी ते बदललं: माठातलंच, पण वाळा घातलेलं.