व्यसनावरचे उपचार जवळपास कुठे मिळतील? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच विषयावरचे आहेत. दारूचं किंवा ड्रग्जचं व्यसन लागलेल्या माणसाला न्यायचं कुठे, आणि जवळपासचं चांगलं ठिकाण ओळखायचं कसं. मी कुठल्याही केंद्राचं नाव सुचवत नाही, कारण एकाला जे लागू पडतं ते दुसऱ्याला पडेलच असं नाही. पण शोधायचं कसं, विचारायचं काय आणि कुठून लगेच परत फिरायचं हे नक्की सांगते.

प्रश्न : नवरा पंधरा वर्षं रोज पितोय. आता सकाळी उठल्या उठल्या हात थरथरतात, एक पेग पोटात गेला की थांबतात. सासरचे म्हणतात चार दिवस खोलीत कोंडून ठेवा, आपोआप सुटेल. मला सेंटर शोधायचंय पण सुरुवात कुठून करू तेच कळत नाहीये.

ताई, सगळ्यात आधी, कोंडून अजिबात ठेवू नका. सकाळी हात थरथरणं आणि प्यायल्यावर थांबणं याचा अर्थ शरीराला दारूची सवय लागलीये, आणि अशा माणसाची दारू एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना भास होतात, घाम फुटतो, ताप चढतो, छाती धडधडते, आपण कुठे आहोत तेच कळत नाही. घरच्यांना वाटतं हा नाटक करतोय, दारूसाठी आरडाओरडा करतोय, आणि दार बंदच राहतं. ही इमर्जन्सी आहे, अशा वेळी थेट हॉस्पिटल गाठायचं.

म्हणून सुरुवात सेंटरपासून नाही, डॉक्टरपासून करा. नेहमीचे फॅमिली डॉक्टर असतील तर ते, नाहीतर जवळच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी. बऱ्याच लोकांना माहितीच नसतं की व्यसनाचे पेशंट तिथे रोज बघितले जातात. डॉक्टर तपासून ठरवतील की डिटॉक्स घरी राहून होईल की ॲडमिट करावं लागेल. डिटॉक्स म्हणजे औषधं देऊन, ती हळूहळू कमी करत, सुरक्षितपणे दारू बंद करणं. सोबत बी-१ व्हिटॅमिन म्हणजे थायमिन देतात, कारण वर्षानुवर्षं पिणाऱ्यांच्या अंगात ते फार कमी झालेलं असतं आणि त्यामुळे मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

जाताना एका कागदावर लिहून न्या. रोज काय आणि किती घेतात, शेवटची कधी घेतली (तारीख आणि वेळ, दोन्ही), आधी सोडायचा प्रयत्न केला तेव्हा फिट किंवा भास झाले होते का, झोपेच्या किंवा इतर कुठल्या गोळ्या चालू आहेत का, शुगर, बीपी, लिव्हरचा त्रास आहे का. झोपेच्या गोळ्यांचं लपवू नका, त्यातल्या काही एकदम बंद केल्या तरी फिट येते. डॉक्टरसमोर नवरा "दोनच घेतो" म्हणणार, तेव्हा हा कागद उपयोगी पडतो. आणि डॉक्टरांची भेट होईपर्यंत तुम्ही स्वतःहून त्यांची दारू बंद करायला जाऊ नका, हे सांगताना मलाही जड जातं पण तेच सुरक्षित आहे.

प्रश्न : भावासाठी ऑनलाइन शोधलं तर दहा-बारा केंद्रं दिसली, सगळ्यांचे फोटो छान, सगळे म्हणतात शंभर टक्के व्यसनमुक्तीची गॅरंटी. एकाने तर रात्री गाडी पाठवून घेऊन जातो, तुम्ही फक्त हो म्हणा, असं सांगितलं. निवडायचं कसं?

गॅरंटी म्हटलं की तिथेच फोन ठेवा. व्यसनात गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याला एकतर हा आजार कळलेला नाही किंवा तो तुम्हाला फसवतोय. रात्री येऊन, हातपाय धरून माणूस उचलून नेणारी गाडी हा उपचार नाहीच. सक्तीने भरती कधी करता येते याचे प्रत्येक देशात कायदे आहेत आणि साधारणपणे त्यात डॉक्टरांचा निर्णय लागतो, केंद्राच्या मॅनेजरचा नाही.

फोनवर पहिला प्रश्न हा विचारा की तुमच्याकडे डॉक्टर कोण आहेत आणि ते आठवड्यातून किती वेळा पेशंटला बघतात. "डॉक्टर ऑन कॉल आहेत" असं मोघम उत्तर आलं तर पुढे विचारा, रात्री दोनला फिट आली तर काय करता? चांगल्या ठिकाणचा माणूस याचं उत्तर न अडखळता देतो, कारण ते त्यांच्याकडे खरोखर घडलेलं असतं. मग विचारा की लायसन्स कोणाचं आहे आणि ते बघायला मिळेल का, काउन्सेलरचं शिक्षण काय, दिवसभराचा कार्यक्रम कसा असतो, घरच्यांसाठी सेशन आहेत का, घरच्यांना फोन आणि भेट कधी करता येते, पेशंटला मध्येच जायचं म्हटलं तर काय करता. आणि डिस्चार्जनंतर काय? यावर "नंतर तुम्ही घरी लक्ष ठेवा" एवढंच उत्तर आलं तर दुसरं ठिकाण बघा.

मग प्रत्यक्ष जाऊन या, भावाला न घेता. राहायच्या खोल्या दाखवायला का कू करतात का बघा, फक्त ऑफिसमध्ये बसवून चहा पाजून पाठवत असतील तर ते बरोबर नाही. बाहेरून कुलूप, मारहाण, बांधून ठेवणं, शिक्षा म्हणून काम करून घेणं, यातलं काहीही दिसलं किंवा कानावर आलं तर तिथे आपलं माणूस ठेवू नका, आणि आधीच ठेवलं असेल तर आजच जाऊन भेटा. सगळे पैसे आगाऊ मागणारे, पावती न देणारे, आणि तुम्ही कुठल्याही ड्रगचं नाव घेतलंत तरी न तपासता एकच पॅकेज सांगणारे पण बाजूला ठेवा.

एक गोष्ट मात्र आवर्जून बघा, अंतर. बरेच जण मुद्दाम लांबचं केंद्र शोधतात, कोणाला कळू नये आणि जुने मित्र भेटू नयेत म्हणून. पहिल्या काही आठवड्यांसाठी ते ठीकही असू शकतं, पण उपचार भरतीपुरता नसतो. अमेरिकेची ड्रग्जवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था नायडा सांगते की तीन महिन्यांपेक्षा कमी काळाच्या उपचाराचा परिणाम मर्यादित राहतो, आणि प्रत्यक्षात वर्षभर तरी येणं-जाणं ठेवावं लागतं. दर आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी अर्धा दिवस प्रवास करून कोण जाणार, सुरुवातीला जातात, मग एक वार चुकतो, मग दुसरा, आणि उपचार तिथेच थांबतो. म्हणून फॉलोअप जवळ होईल असं ठिकाण पहिल्या दिवसापासून ठरवून ठेवा.

प्रश्न : मुलगा दारू सोडायला तयारच नाही. एकांनी पावडर सांगितलीये, जेवणात मिसळून द्यायची, त्याला कळणारही नाही. देऊ का?

नको. अशा पावडरीत नेमकं काय आहे हे देणाऱ्यालाही धड माहिती नसतं, आणि काही वेळा त्यात डायसल्फिराम असू शकतं. हे खरं औषध आहे, डॉक्टर वापरतात, पण ते चालू असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, धडधडतं, बीपी खाली जातं, आणि प्रमाण जास्त झालं तर माणूस दगावू शकतो. त्याचा परिणाम शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ज्याला हे माहितीये तो प्यायचं टाळतो, त्या माहितीवरच तर हे औषध चालतं. तुमच्या मुलाला माहितीच नाही म्हटल्यावर तो नेहमीसारखा पिणार. आणि उद्या त्याला कळलं की आईने जेवणातून काहीतरी घातलं, तर तो तुमच्या हातचं खाणारही नाही आणि तुमचं ऐकणारही नाही.

तो तयार नसेल तर तुम्ही एकट्या जा. खरंच, पेशंटशिवाय. घरच्यांना शिकवायची क्राफ्ट नावाची एक पद्धत आहे, त्यात तो प्यायलेला नसताना कसं बोलायचं, न प्यायलेल्या दिवशी त्याच्यासोबत वेळ कसा घालवायचा, आणि प्यायल्यामुळे झालेलं नुकसान आपण निस्तरायचं कसं थांबवायचं (त्याच्या उधाऱ्या फेडणं, ऑफिसला खोटी कारणं कळवणं वगैरे) हे शिकवतात. १९९९ साली अमेरिकेत छापून आलेल्या एका अभ्यासात या पद्धतीने आधी नाही म्हणणारे ६४ टक्के लोक उपचाराला आले, तर सगळ्यांनी मिळून समोर बसवून जाब विचारायच्या पद्धतीने ३० टक्केच. काउन्सेलरला ही पद्धत येते का विचारा, नसेल येत तरी घरच्यांसाठी स्वतंत्र सेशन मागा.

आणि अपॉइंटमेंटची तयारी आधीच करून ठेवा. "मला सोडायचंय" हे वाक्य तो कधीतरी म्हणेल, बहुतेक एखादा मोठा घोळ झाल्यावर सकाळी, आणि ती तयारी फार वेळ टिकत नाही. तेव्हा नंबर शोधत बसलात तर संध्याकाळपर्यंत तो निघून गेलेला असतो.

प्रश्न : मी स्वतःसाठी विचारतोय. नोकरी आहे, महिनाभर गायब होणं शक्य नाही. ॲडमिट न होता उपचार होतात का? आणि माझं खरंच व्यसन आहे की नाही हेही मला नक्की माहीत नाही.

होतात, बहुतेकांचे तसेच होतात. आधी जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची १० प्रश्नांची चाचणी करा, पाच मिनिटं लागतात. ४० पैकी ८ किंवा जास्त आले तर डॉक्टरशी बोला, २० किंवा जास्त आले तर उशीर करू नका. ओपीडीत नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेटसारखी औषधं मिळतात, तलफ कमी करायला आणि सोडलेलं टिकवायला ती मदत करतात, सोबत आठवड्याचं काउन्सेलिंग. सकाळी थरथर होत असेल किंवा आधी फिट आली असेल तर मात्र वर ताईंना सांगितलं ते तुम्हालाही लागू आहे, डॉक्टरशिवाय एकदम बंद करायचं नाही.

शिवाय अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे एएच्या मीटिंगा बघा. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात दोन दारुडे एकमेकांशी बोलायला लागले त्यातून हे सुरू झालं, आज जगभर पसरलंय. फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही, पिणं थांबवायची इच्छा एवढीच अट. ऑनलाइन मीटिंगाही असतात, त्यामुळे ऑफिसनंतर जमतं. पहिला ग्रुप नाही पटला तर दुसऱ्यात जा, प्रत्येक ग्रुपचं वातावरण वेगळं असतं. पण एए हा औषधाला पर्याय नाही, दोन्ही सोबत चालतं, आणि कुठल्या ग्रुपमध्ये कोणी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद कर म्हणालं तर ते ऐकू नका.

प्रश्न : बहीण हेरॉइनवर होती. दोन महिने सेंटरला राहून आली, छान दिसत होती, तीन आठवड्यांत परत सुरू. सगळे म्हणतात पैसे पाण्यात गेले. परत त्याच सेंटरला टाकू का? आणि एक डॉक्टर रोजची गोळी सुचवतायत, ती पण नशाच ना?

आधी सगळ्यात महत्त्वाचं. दोन महिने न घेतल्याने तिच्या शरीराची सवय गेलेली असते, आणि ती आधीच्याच मापाने घेते, तिथेच लोक दगावतात. सेंटरमधून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वात धोक्याचे असतात, हे घरच्यांना डिस्चार्जच्या वेळी सांगायलाच हवं आणि बहुतेक ठिकाणी कोणी सांगत नाही, याची मला फार चीड येते. ती उठवूनही उठत नसेल, श्वास अगदी सावकाश किंवा घोरल्यासारखा येत असेल, ओठ निळे पडले असतील, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील तर ओव्हरडोस आहे असंच धरा. ताबडतोब ॲम्ब्युलन्स. नालोक्सोन नावाचं औषध हा परिणाम उलटवतं, ते इंजेक्शन आणि नाकात मारायचा स्प्रे अशा रूपात येतं, तुमच्याकडे कसं मिळेल ते डॉक्टरांना आजच विचारा. ते दिल्यावर ती शुद्धीवर आली तरी हॉस्पिटलला न्यायचंच, कारण त्याचा असर तासा-दीड तासात उतरतो आणि ड्रग अंगात उरलेलं असू शकतं.

आता गोळीबद्दल. डॉक्टर बहुधा ब्युप्रेनॉर्फिन म्हणत असतील, काही ठिकाणी मेथाडोन देतात. दोन्ही २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ठरलेल्या डोसमध्ये झिंग येत नाही, तलफ आणि अंगदुखी थांबते, माणूस कामाला जातो, घरात नीट वागतो. गोळी चालू असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण गोळी न घेणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी दिसलंय. बीपीची गोळी वर्षानुवर्षं घेतो तेव्हा आपण कोणी त्याला गोळीचं व्यसन लागलं म्हणत नाही, तसंच हे. लवकर बंद करायची घाई करू नका, डोस कधी कमी करायचा ते डॉक्टर आणि बहीण मिळून ठरवतील.

पैसे पाण्यात गेले असं मला वाटत नाही. उपचारानंतर पुन्हा घसरणाऱ्यांचं प्रमाण ४० ते ६० टक्के सांगतात. त्याच सेंटरला परत टाकायचं का, तर त्यांना विचारा की मागच्या वेळी गोळीचा पर्याय का दिला नाही आणि या वेळी वेगळं काय करणार. उत्तर पटलं नाही तर जा त्या डॉक्टरांकडेच, ओपीडीतून सुरू करा. आणि बहिणीला सोबत बसवून ठरवा, तिच्या पाठीमागे नको. तीन आठवडे कसे गेले, नेमकं कुठल्या दिवशी आणि कोणासोबत परत घेतलं, हे न ओरडता विचारलंत तर ती सांगेल, आणि डॉक्टरांना त्याच माहितीची गरज असते.