दुकानात खुललं, घरी विझलं

कपड्यांच्या रंगांबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. जवळपास सारखे असलेले प्रश्न एकत्र करून त्यांना एकच उत्तर दिलं आहे.

माझी मुलगी सावळी आहे. साखरपुड्यासाठी तिला साडी घ्यायची आहे. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, सावळ्या रंगाला फिक्याच साड्या घ्याव्यात, गडद नको. हे बरोबर आहे का? (सांगली)

फिकं नेसलं की माणूस उजळ दिसतो, अशी या सल्ल्यामागची समजूत आहे. प्रत्यक्षात बरेचदा उलट होतं. फिक्या पिस्ता किंवा बेबी पिंक कापडाशेजारी सावळी त्वचा आहे त्याहून गडद वाटते, कारण डोळा शेजारच्या दोन गोष्टींमधला फरक वाढवून पाहतो. त्यात वाईट काहीच नाही. पांढरीशुभ्र साडी सावळ्या अंगावर झकास दिसते, ती याच फरकामुळे. पण ‘उजळ दिसावं’ म्हणून फिकं घेणार असाल, तर पैसे वाया जातील. आमचं ऐकाल तर उजळ दिसण्याचा हिशेबच सोडा आणि चेहरा ठसठशीत दिसतो का, तेवढं पाहा.

चेहरा खरा बुडतो तो कापड त्वचेइतकंच गडद आणि त्वचेसारखंच मातकट असेल तेव्हा. सावळ्या रंगावर कॉफी, खाकी, मळकट तपकिरी. गव्हाळ रंगावर बिस्किटी आणि हल्ली ‘न्यूड’ म्हणून खपणाऱ्या छटा. गोऱ्या रंगावर फिका पीच. हे घरी तपासता येतं. मुलीला खिडकीशी उभं करा, कापड हनुवटीखाली धरा, फोटो काढा आणि मोबाइलवरच तो कृष्णधवल करा. गाल आणि कापड एकाच राखाडीत मिसळून गेले, तर ते कापड संशयित. ही चाचणी मातकट आणि पुसट रंगांसाठीच वापरा. राणी रंग फोटोत गालाइतकाच राखाडी उतरू शकतो, तरी अंगावर खणखणीत उठतो. तिथे उजेड-अंधाराचा फरक नसतो, रंगाचाच असतो.

साखरपुड्यासाठी डाळिंबी, राणी, मोरपिशी, गर्द निळा, वांगी आणि हळदी हे रंग आधी अंगावर टाकून पाहा. हळदी म्हणजे भरलेला पिवळा, लिंबी नव्हे. लिंबी पिवळ्यात हिरवट झाक असते, आणि रेशमाची चकाकी ती झाक हनुवटीखाली फेकते.

संक्रांतीच्या काळ्या साडीबद्दलही तिघींनी विचारलं आहे. काळी चंद्रकळा सावळीला शोभत नाही, हे आम्हाला मान्य नाही. अडचण सुती, बिनचमकीच्या काळ्याची असते: ते सगळा उजेड गिळतं, खालून चेहऱ्यावर काहीच परत येत नाही, आणि डोळ्यांखालच्या व हनुवटीखालच्या सावल्या गडद होतात. जरीचा किंवा लाल काठ खांद्यावर, चेहऱ्याजवळ येईल असा पदर घ्या, नाहीतर ब्लाउज तरी रंगीत ठेवा.

मनगटाच्या शिरा हिरव्या दिसल्या तर वॉर्म, निळ्या दिसल्या तर कूल, असं सगळीकडे वाचते. माझ्या शिरा हिरव्या आहेत, तरी सोनेरी-केशरी रंगांत मी आजारी दिसते. असं का? (पुणे)

कारण ही चाचणी आपल्या त्वचेसाठी फार कच्ची आहे. (वॉर्म म्हणजे त्वचेची झाक ऊबदार, पिवळसर; कूल म्हणजे थंड, गुलाबी-निळसर.) शिरेतलं रक्त गडद लाल असतं. त्वचेतून उजेड आत जाऊन परत येताना ती शीर निळसर भासते. त्वचेत मेलॅनिन, म्हणजे तिला रंग देणारं द्रव्य, जास्त असलं की निळा भाग वाटेतच शोषला जातो आणि शीर हिरवट दिसते. म्हणून गव्हाळ घरातल्या पाच माणसांच्या मनगटावर पाचही ‘वॉर्म’ निघू शकतात. शीर किती खोल आहे, त्यावरही तिचा रंग ठरतो.

कापडाची चाचणी यापेक्षा बरी. किमान अर्ध्या मीटरचे चार तुकडे घ्या: पांढराशुभ्र, मोतिया, राणी आणि शेंदरी. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, थेट ऊन येत नाही अशा खिडकीसमोर बसा. खोलीची भिंत हिरवी किंवा केशरी असेल तर जागा बदला. भिंतीचा रंग गालावर येतो. लिपस्टिक आणि टिकली काढा. केसांना मेंदी किंवा डाय असेल तर ते पांढऱ्या टॉवेलने झाका. चेहरा धुतल्यावर दहा मिनिटं जाऊ द्या, कारण चोळलेली त्वचा थोडा वेळ लालसर असते. अंगातला रंगीत कुर्ता कापडाच्या कडेने डोकावत असेल, तर तोही झाकून घ्या.

आता पांढरा आणि मोतिया आलटूनपालटून हनुवटीखाली धरा, दोन-तीन सेकंदांहून जास्त नको. एकाच कापडाकडे बघत राहिलात, की डोळा त्याला सरावतो आणि फरक कळेनासा होतो. नजर कापडावर नको. डोळ्यांखाली, नाकपुड्यांच्या बाजूला, वरच्या ओठाच्या कडेला आणि जबड्याच्या रेषेवर पाहा. मोतियात चेहरा पिवळट, थकलेला आणि शुभ्र पांढऱ्यात स्वच्छ दिसला, तर तुमची झाक थंड. शुभ्र पांढऱ्यात चेहरा राखेसारखा झाला आणि मोतियात सावरला, तर झाक ऊबदार. राणी आणि शेंदरीने हाच निकाल पुन्हा ताडून पाहा. तुमच्या वर्णनावरून तुम्ही राणीकडे झुकाल असं वाटतं. दोन्हींत काहीच फरक दिसला नाही, तर झाक मधली; अशी माणसं भरपूर असतात.

पांढऱ्याची निवड इथे महत्त्वाची. बाजारातल्या शुभ्र कापडात उजळवणारं रसायन असतं. ते अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतं. घरी नीळ दिली तरी झाक निळीकडेच जाते. म्हणून नवं शुभ्र कापड थंड नमुना ठरतं, आणि न धुतलेलं कोरं मांजरपाट ऊबदार. जुना पिवळलेला पांढरा दुपट्टा वापरलात, तर मोतियाचीच परीक्षा दोनदा होईल.

काही ॲप त्वचा, केस आणि डोळ्यांवरून माणसाला ‘ऑटम’, ‘विंटर’ अशा ऋतूच्या नावाच्या खान्यात टाकून त्याचे रंग ठरवतात. त्याबद्दल: ही ऋतूंची पद्धत पाश्चात्त्य देशांत रुजली. तिथे सोनेरी, तांबडे, तपकिरी केस आणि निळे, हिरवे, करडे डोळे असा खूप फरक एकाच वर्गात सापडतो. काळे केस आणि गडद डोळे असलेली आपली माणसं तिथे बहुतेक ‘डीप’ नावाच्या दोन खान्यांत कोंबली जातात. खाना कळला म्हणून कपाट बदलायला घेऊ नका.

माझे डोळे घारे आहेत, रंग गोरा. हिरव्या रंगात डोळे उठून दिसतील असं सांगतात, पण पोपटी ड्रेसमध्ये ते उलट पांढुरके दिसतात. (रत्नागिरी)

घाऱ्या डोळ्यांत हिरवं किंवा निळं रंगद्रव्य नसतंच. बुबुळात मेलॅनिन कमी असतं आणि आत शिरलेला उजेड विखुरल्यामुळे ती छटा दिसते, म्हणूनच ती ऊन-सावलीप्रमाणे बदलते. असा डोळा पोपटीसारख्या तेज रंगाशेजारी हरणारच. कापड डोळ्यापेक्षा जास्त हिरवं झालं की डोळ्यातला हिरवा फिका पडतो.

त्यावर दोन उपाय आहेत. एक, त्याच कुळातला पण डोळ्याहून मंद रंग: शेवाळी, किंवा करड्याकडे झुकणारा हिरवा. दुसरा, रंगचक्रात समोर येणाऱ्या कुळातला: वांगी, डाळिंबी, जांभळट मरून. हा दुसरा उपाय जास्त जोरकस. डोळे निळसर-करडे असतील, तर विटकरी आणि तांबूस. मधाळ तपकिरी असतील, तर नेव्ही निळा. आणि बहुतेकांसारखे गडद काळेभोर असतील, तर डोळ्यांचा विचार सोडून त्वचेवरूनच रंग ठरवा. काळ्या डोळ्यांना केस आणि भुवयांची साथ आधीच असते.

एक व्यवहाराची गोष्ट. बुबुळ साधारण 12 मिलिमीटरचं असतं. चार पावलांवरून त्याची छटा कोणाला नीट दिसत नाही. त्यामुळे डोळ्यांसाठी अख्खी साडी घेऊ नका. तो रंग कानातल्यात, ओढणीत किंवा गळ्याच्या पट्टीत आणा.

दुकानात सुरेख वांगी दिसलेली साडी रात्री हॉलमध्ये तपकिरी दिसली. रंग उडाला की फसवलं? (नागपूर)

दोन्ही नाही. वांगी म्हणजे लाल आणि निळ्याची मिसळ. हॉलमधल्या 2700 ते 3000 केल्विनच्या पिवळ्या दिव्यांत निळा भाग फार कमी असतो (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा कमी, तितका उजेड पिवळा). साडीने परत पाठवायला निळा उजेडच नाही, तर उरतो लाल-तपकिरी. दुकानात 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूब असल्या, तर तिथे निळा खुलतो. याच कारणाने बाटली हिरवा पिवळ्या उजेडात काळपट होतो, आणि फिका पिवळा जवळजवळ पांढरा. दिव्याचा दर्जाही पाहावा लागतो: खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, 80 असेल तर काही रंग, विशेषतः गडद लाल, मंदावतात, 90 च्या पुढे ते बरेच खरे दिसतात.

म्हणून साडी दुकानाच्या दारात नेऊन दिवसाच्या उजेडात बघण्याची जुनी सवय अर्धीच पुरेशी आहे. दिवसाच्या कार्यासाठी ती चालते. रात्रीच्या कार्यासाठी साडी घरी पिवळ्या बल्बखाली पाहा, तेही फॉल-पिकोला देण्याआधी. फॉल लागला किंवा ब्लाउजपीस कापला गेला, की साडी परत घ्यायला दुकानदार सहसा तयार होत नाही.

लॉनवरचं रिसेप्शन तिन्हीसांजेला असेल, तर आणखी एक गंमत होते. उजेड मंदावत जातो तसे आधी लाल रंग काळवंडतात, निळे-हिरवे त्या मानाने टिकून राहतात. धूपछाँव पैठणी किंवा दुसरी कुठलीही धूपछाँव साडी तर दोन रंगांचीच असते, ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) एक आणि बाण्याचा (आडव्या धाग्यांचा) दुसरा. ती ताग्यावर सपाट पाहून घेऊ नका. खांद्यावर टाकून, निऱ्या धरून, दोन्ही बाजूंनी वळून पाहा. स्टेजवर गुलाबी-जांभळे फोकस असतील, तर हिरवी साडी काळी दिसणार. चेहऱ्यावर साधे पांढरे दिवे ठेवायला डेकोरेटरला आधीच सांगून ठेवा.

दुचाकीवरून फिरतीची नोकरी. चेहरा रापलेला, केस बरेच पांढरे, वय 56. शर्ट कोणत्या रंगाचे घ्यावेत? (नाशिक)

रंग चेहऱ्यावरूनच ठरवा, छातीच्या किंवा दंडाच्या न रापलेल्या त्वचेवरून नको. लोकांना चेहराच दिसतो. आकाशी शर्ट तुम्हाला हमखास जमेल. गोरी असो वा काळी, माणसाची त्वचा मुळात नारिंगीच्या कुळातली असते, आणि निळा तिच्या समोरचा. बदामी, क्रीम आणि खाकी टाळा; रापलेल्या चेहऱ्यावर ते धुळीसारखे दिसतात. केस काळे होते तेव्हा कडक काळा-पांढरा चौकडीचा शर्ट खपून जायचा. आता नेव्ही आणि गडद राखाडी जास्त सोपे जातील. केसांना डाय लावत असाल, तर डांबरी काळा नको, गडद तपकिरी घ्या.

गालावर लाल मुरुमं आहेत. ती कमी दिसावीत म्हणून काय घालू? (कोल्हापूर)

हिरवा टाळा, विशेषतः पोपटी. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत काळ्या सुताचा रंग फिका पडल्याची तक्रार होती. तिथले रसायनतज्ज्ञ मिशेल शेव्रल यांनी शोध घेतला, तेव्हा दोष रंगाईत नव्हता, शेजारच्या धाग्यांमध्ये होता. त्यांनी 1839 मध्ये हा नियम मांडला: शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतात. हिरवी ओढणी गालावरचा लाल वाढवते. डाळिंबी किंवा मरून तो दाबते. फ्लोरोसंट रंग मात्र कुठलाच नको, तो स्वतःचाच उजेड हनुवटीवर फेकतो.

भेट मिळालेली पोपटी रेशमी साडी मला अजिबात शोभत नाही. टाकवत नाही. काही करता येईल? (ठाणे)

करता येईल. कपड्याचा परिणाम मुख्यतः गळ्यापासून वीतभर खालपर्यंत होतो. म्हणून आधी ब्लाउज बदला: तुम्हाला शोभणाऱ्या गडद रंगाचा, बंद गळ्याचा किंवा कॉलरचा. खणाचा शिवलात तर काठाशी मेळही बसतो. पदर खांद्यावर पसरून घेण्याऐवजी चुण्या करून पिन लावा, म्हणजे काठच वर येतील आणि पोपटी खाली राहील. ठसठशीत सोन्याचे कानातले आणि गडद लिपस्टिक यांनीही बराच फरक पडतो.

साडी रंगवून घ्यायची असेल, तर रंग फक्त गडदाकडे नेता येतो. पोपटीवरून बाटली हिरवा किंवा मोरपिशी होईल. गुलाबी होणार नाही, वर लाल चढवलात तर तपकिरी चिखल होईल. त्याआधी आतल्या टोकाचा एक धागा जाळून पाहा. केस जळल्याचा वास आला आणि बोटांनी चुरडणारी राख राहिली, तर ते रेशीम. वितळून कडक गोळी झाली, तर पॉलिएस्टर. त्याला घरगुती रंग लागत नाही, त्याला दाबाखाली 130 अंशांच्या आसपास तापमान लागतं. साडीला जरीचे काठ असतील, तर ते काळवंडू शकतात. म्हणून रंगाऱ्याला साडी देण्याआधी फॉलखाली झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यावर त्याच्याकडून नमुना करून घ्या.