उत्तर घरी पोहोचल्यावरच का सुचते?

“मला वेळेवर उत्तर सुचत नाही, आणि सुचते तेव्हा मी घरी पोहोचलेली असते,” अशी तक्रार घेऊन एक तरुणी माझ्याकडे आली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. काम संपवून ती ठरलेल्या वेळी निघाली, की एक ज्येष्ठ सहकारी सर्वांदेखत विचारीत, “काय, आज अर्धी रजा?” सगळे हसत, आणि तीही हसून म्हणे, “मी आहेच आळशी!” पुढे वार्षिक मूल्यमापनात वरिष्ठांनी ‘कामाची ओढ कमी’ असा शेरा मारला, तेव्हा आपलाच विनोद आपल्याविरुद्ध साक्ष देत असल्याचे तिच्या ध्यानात आले.

उत्तर उशिरा सुचणे हा दोष नव्हे. निरुत्तर झालेला संवेदनशील माणूस जिन्याच्या तळाशी पोहोचल्यावरच भानावर येतो, असे अठराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत दिदरो यांनीही लिहिले आहे. मला काळजी वाटली ती तिच्या विनोदाच्या जातीची. मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार शैली मांडल्या: नाती जोडणारी, स्वतःला सावरणारी, इतरांना बोचणारी आणि स्वतःला कमी लेखणारी. शेवटची शैली वरवर नम्र दिसते. पण त्यांच्या अभ्यासात तिचा संबंध कमी आत्मसन्मानाशी आणि वाढत्या चिंतेशी आढळला.

टोमणा रोज तोच असल्याने हजरजबाबीपणाची गरजच नव्हती; उत्तर आधी तयार करता येणार होते. तिचे पहिले उत्तर होते, “तुमची घरी कुणी वाट पाहत नाही वाटते?” ते मी बाजूला ठेवायला सांगितले, कारण त्या माणसाच्या घरी काय दुःख आहे हे आपल्याला ठाऊक नसते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच शेजारी बसायचे असते. बऱ्याच खटपटीनंतर तिला तिचे वाक्य सापडले: “अर्धी नाही हो, पूर्ण दिवस झाला, घड्याळालाच साक्षीला बोलावते!” आणि त्यालाच जोडून, शांतपणे, “अहवाल पाठवला आहे, सकाळी बोलू.” सहकाऱ्याची भूमिका मी केली. सुरुवातीला तिचा आवाज कापत असे आणि शेवटी ओशाळे हसू येई. ते हसू जाईपर्यंत आम्ही सराव केला.

काही आठवड्यांनी तिने सांगितले, की टोमणा पूर्ण थांबलेला नाही, पण आता हसणारे तिच्याकडे पाहून हसत नाहीत. मग तिने विचारले, “शेऱ्याबद्दलही असेच काही गमतीने बोलू का?” मी स्पष्ट नकार दिला. वर्षभरात पूर्ण केलेल्या कामांची तारीखवार यादी घेऊन ती वरिष्ठांना भेटली.