वॉट तेच धरले, तिथेच रन गेला

प्रश्न : ताई नमस्कार. गेल्या महिन्यात मी माझी पहिली फुल डिस्टन्स ट्रायथलॉन करायला गेलो, म्हणजे ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि मग ४२.२ किमीची अख्खी मॅरेथॉन. आठ महिने तयारी केली होती, एकही लाँग राइड चुकवली नाही. पोहणं मस्त झालं. सायकलवर ठरवल्याप्रमाणे १८० वॉट (वॉट म्हणजे पॅडलवर लावलेल्या ताकदीचं माप) धरले ते शेवटपर्यंत सोडले नाहीत, फक्त हार्ट रेट पहिल्या तासात १३८ होता तो शेवटच्या ५०-६० किमीत १५६ पर्यंत गेला, पण पायात दम वाटत होता म्हणून लक्ष दिलं नाही. दुपारी तापमान ३८ च्या वर. रनला उतरलो आणि सहाव्या किमीलाच सगळं फिरलं, पोटात पाणी डुचमळतंय, साखरेचं एनर्जी जेल नुसतं बघितलं तरी मळमळतंय, पाय शिशाचे झालेत. १२ पासून चालतच होतो. २३ व्या किमीला एड स्टेशनच्या (वाटेतल्या पाणी-खाण्याच्या थांब्याच्या) खुर्चीत बसलो, उलटी झाली आणि पायातली टायमिंग चिप काढून देऊन टाकली, म्हणजे रेस सोडली. आता ग्रुपमधले सगळे म्हणतायत की शरीर नाही रे, तुझं मन हरलं. महिनाभर धड झोप नाही. खरंच मी मनाने कमी पडलो का? आणि परत तिथेच जायचं तर काय वेगळं करू?

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यावर थांबले, ते म्हणजे १३८ चा १५६ झाला आणि तुम्ही लक्ष दिलं नाही. तुमची रेस खुर्चीत बसलात तेव्हा नाही गेली, ती त्या ५०-६० किमीत गेली. मनाचा इथे काही संबंध नाही हो, आधी ते डोक्यातून काढा.

आता हिशोब बघा. पॅडलवर १८० वॉट दिसतात तेव्हा शरीर त्याच्या चौपट-पाचपट ऊर्जा जाळत असतं, कारण स्नायूंनी जाळलेल्या ऊर्जेतला जेमतेम २० ते २५ टक्के भाग कामाला लागतो, उरलेली सगळी उष्णता. म्हणजे तुमच्या अंगात सहाशेच्या आसपास वॉटची शेगडी तासन् तास पेटलेली होती. ही उष्णता एरवी दोन वाटांनी बाहेर पडते, थोडी गार हवेला जाते आणि बाकीची घाम वाळताना जाते. पण त्वचेचं तापमान असतं ३५ च्या आसपास आणि बाहेर होते ३८, म्हणजे हवा तुमच्याकडून उष्णता घेत नव्हती, उलट देत होती. राहिली एकच वाट, घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, म्हणजे तुमच्या त्या शेगडीला तासाला जवळपास लिटरभर घाम, आणि तोही वाळलेला, जो टपटप खाली गळला तो धरायचाच नाही, त्याने गारवा काही मिळत नाही, फक्त पाणी जातं. त्यात वरून ऊन आणि खालून तापलेला रस्ता, ते वेगळंच. आणि हवा दमट असली की घाम वाळतच नाही, म्हणून दमट हवेत ३२ तापमान कोरड्या ३८ पेक्षा जास्त छळू शकतं.

घाम गेला की रक्तातलं पाणी कमी होतं. त्याच रक्ताला पायाच्या स्नायूंकडेही जायचंय आणि गार व्हायला त्वचेकडेही जायचंय, मग प्रत्येक ठोक्याला कमी रक्त निघतं आणि हृदय ठोके वाढवून ती कसर भरून काढतं. वॉट तेच आणि ठोके १८ ने वर, याचा अर्थ हाच. सायकलवर ते जाणवलं नाही कारण ताशी ३० च्या वेगाचा वारा अंगावरचा घाम वाळवत होता. रनला उतरलात, वेग ताशी ८-९, वारा गेला, शेगडी तीच. मला स्वतःला हा धक्का पहिल्यांदा बसला तेव्हा ट्रान्झिशनमधून (सायकल ठेवून रनला निघायच्या जागेतून) बाहेर पडून दोन मिनिटं पण झाली नसतील आणि असं वाटलं की कुणीतरी अंगावर ओली घोंगडी टाकलीये, आणि मी येड्यासारखी घड्याळातला पेस बघत तशीच पळत राहिले, पुढे १५ व्या किमीपासून माझंही तेच झालं जे तुमचं झालं.

पोटाचंही हेच. रक्त पाय आणि त्वचा मिळून खेचून घेतात, आतड्यांच्या वाट्याला फारसं येत नाही, मग जेलमधली साखर तिथेच पडून राहते आणि डुचमळायला लागतं. अशा वेळी वरून अजून एक जेल रेटणं ही सगळ्यात मोठी चूक आणि जवळपास प्रत्येक जण ती करतो. मळमळ सुरू झाली की १५-२० मिनिटं खाणं पूर्ण बंद, चालायला लागायचं, अंग गार करायचं, साध्या पाण्याचे छोटे घोट, आणि ठोके खाली आले की मग हळूहळू परत सुरू करायचं, तेही आधी पातळ काहीतरी. गाडी बरेचदा परत रुळावर येते. पण तुम्ही म्हणताय सहाव्या किमीपासून १२ पर्यंत पळतच राहिलात, तिथे चालला असतात तर कदाचित ४२ झाले असते. कदाचित म्हणते, नक्की नाही.

मन हरलं म्हणणाऱ्यांना पॉला न्यूबी-फ्रेझरचं सांगा. हवाईची आयर्नमन (याच अंतराची ट्रायथलॉन) वर्ल्ड चॅम्पियनशिप तोपर्यंत सात वेळा जिंकलेली बाई, १९९५ मध्ये तिथेच आघाडीवर असताना फिनिश अगदी समोर दिसत असताना कोसळली, रस्त्यावर बसली, आडवी झाली, वीसेक मिनिटांनी उठली आणि चालत जाऊन चौथी आली. पुढच्या वर्षी परत येऊन आठव्यांदा जिंकली. आता तिच्या मनात कमी होती असं कोण म्हणेल?

पुढच्या वेळी काय करायचं तर, एक म्हणजे रेसच्या आधीचे १० ते १४ दिवस उन्हाची सवय करायची, रोज तास-दीड तास हलका व्यायाम गरम वातावरणात. याने रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं, हे खरे बदल आहेत, मनाचं समाधान नाही. पण सवय मोडली की आठवडाभरात हे उतरायला लागतं आणि तीनेक आठवड्यांत बहुतेक सगळं जातं, त्यामुळे महिनाभर आधी करून ठेवलं म्हणून उपयोग नाही. आणि या दिवसांत तब्येतीला जपा, ताप-जुलाब असले की सरळ सुट्टी.

दुसरं म्हणजे सायकल. ३८ तापमानात मी तुम्हाला १८० नाही, १६० सांगेन, आणि वॉटपेक्षा ठोक्यांना मालक माना. पहिल्या तासापेक्षा ८-१० ठोके वर गेले की वॉट सोडायचे, मग बाजूने कोणीही जाऊ दे. हे फार जड जातं, मला माहितीये, पाय ताजे असताना वेग सोडणं चालण्यापेक्षाही अवघड आहे, पण वेग कुठे कमी करायचा हे सायकलवर तुमच्या हातात असतं, रनमध्ये ते शरीर ठरवतं.

आणि रनमध्ये प्रत्येक एड स्टेशन चालतच पार करायचं, पहिल्यापासून, दमल्यावर नाही. बर्फ टोपीत, बर्फ सूटच्या आत छातीपाशी, दोन खडे दोन्ही मुठीत धरून निघायचं (तळव्यातून उष्णता चांगली बाहेर पडते), हात आणि मान ओली. डोक्यावर पाणी ओतताना मात्र कमरेत पुढे वाका, नाहीतर सगळं पाणी पायांवरून बुटात जातं आणि पुढे ३० किमी ओल्या मोज्यांत फोड, ही माझी स्वतःच्या पायांनी शिकलेली गोष्ट आहे.

चिप दिलीत ते बरोबर केलंत. उलटी होतेय, आत काही राहत नाहीये, १९ किमी बाकी आणि ऊन, मीही तेच केलं असतं.

प्रश्न : मॅडम, मला खूप घाम येतो, कपड्यांवर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात. म्हणून मी दर २० मिनिटांनी भरपूर पाणी आणि दर अर्ध्या तासाला सॉल्ट कॅप्सूल असं ठरवलंय. जितकं जास्त पाणी तितकं सेफ ना?

उत्तर : नाही, आणि हे प्लीज नीट वाचा. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, लिटरमागे १३५ मिलीमोलच्या खाली गेलं की त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात आणि फार खाली गेलं तर मेंदूला सूज येते, लोक यात गेलेले आहेत. फसवं असं की लक्षणं उन्हाच्या त्रासासारखीच, डोकं दुखणं, मळमळ, गोंधळणं, मग बाजूचा माणूस म्हणतो अरे पाणी पी पाणी पी आणि अजून बिघडतं. बोटं सुजून अंगठी घट्ट झाली, घड्याळाचा पट्टा रुतायला लागला, पोट गच्च आणि लघवी पाण्यासारखी होतेय, असं असेल तर पाणी थांबवून मेडिकल टेंट गाठा.

कॅप्सूलने हे टळत नाही, कारण मुळात पाणीच जास्त झालंय. मीठ घ्या, पांढरे पट्टे उमटणाऱ्यांना ते लागतंच, पण आधी स्वतःचा घाम मोजा. रेससारख्या उन्हात एक तास रेसच्या वेगाने व्यायाम, आधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन, जितके किलो कमी झाले त्यात प्यायलेले लिटर मिळवा, झाला तुमचा तासाचा घाम. समजा १.२ लिटर आला तर तेवढं सगळं भरून काढायच्या मागे लागू नका, पोट गरम झालं की तेवढं पुढे ढकलूच शकत नाही. थोडं कमी पिऊन, वजन थोडं कमी होऊन फिनिश करणं ठीक आहे. वजन वाढून फिनिश होणं मात्र धोक्याचं. आणि एक न विचारलेलं सांगते, आयबुप्रोफेनसारखी पेनकिलर रेसच्या आधी किंवा मध्ये घेऊ नका, पाणी कमी झालेल्या किडनीवर तो अजून एक घाव असतो.

प्रश्न : एवढी गरमी असेल तर पोहताना वेटसूट (अंगाला ऊब देणारा रबरी सूट) घालायचा की नाही?

उत्तर : हे बरेचदा तुमच्या हातात नसतं. आयर्नमनच्या नियमाप्रमाणे पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तर एज ग्रुपवाल्यांना, म्हणजे हौशी स्पर्धकांना, वेटसूट चालतो, त्याच्या वर २८.८ पर्यंत घालता येतो पण मग बक्षिसाला पात्र नाही, २८.८ च्या वर बंदीच. बाकी आयोजकांचे नियम वेगळे असतात, ते बघून घ्या. माझं मत विचाराल तर पाणी कोमट असेल आणि पोहता बऱ्यापैकी येत असेल तर परवानगी असली तरी नको, दिवसाची सुरुवातच तापलेल्या अंगाने कशाला.

प्रश्न : ताई, मी स्वतः काही करत नाही, माझा नवरा करतो. दोन महिन्यांनी त्याची रेस आहे आणि तिथलं ऊन ऐकून माझ्या पोटात गोळा आलाय. तो हट्टी आहे, कधीच थांबणार नाही. मी रस्त्याच्या कडेला असेन. नुसता दमलाय की खरंच धोक्यात आहे हे मला कळणार कसं? आणि मी मदत केली तर त्याला बाद करतात म्हणे?

उत्तर : तुमचा प्रश्न आला हे फार बरं झालं, कारण खरा उष्माघात होतो तेव्हा ज्याला होतो त्याला तो कळत नाही, कळणारा मेंदूच आधी बिघडतो.

एकदा मी एड स्टेशनवर स्वयंसेवक होते, दुपारचे तीन वाजले असतील. एक जण पळत आला, वेग चांगला होता, मी ओला स्पंज पुढे केला, त्याने घेतला आणि तो चावायला लागला. एक घास, दुसरा घास, चेहऱ्यावर काही नाही. मी नंबर विचारला तर म्हणाला, हो. घामाने चिंब होता तो, अंगावरून धारा वाहत होत्या. हे मुद्दाम सांगतेय कारण घाम थांबला की उष्माघात असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय, पळताना होणाऱ्या उष्माघातात माणूस भिजलेला असू शकतो. आम्ही दोघांनी त्याला धरलं तर तो ढकलायला लागला, शिव्या दिल्या, मग पाय गेले. मेडिकलवाल्यांनी आधी मानेपर्यंत बर्फाच्या पाण्याच्या टबात घातलं आणि मगच ॲम्ब्युलन्सचं बोलले. थोड्या वेळाने त्याने डोळे नीट उघडले आणि विचारलं की माझी सायकल कुठाय. रन चालू होता हे त्याला आठवतच नव्हतं.

तेव्हा दमणं बघू नका, डोकं बघा. लाल चेहरा, चालणं, गोळे येणं, रडणंसुद्धा, यातलं सगळं चालतं, जर तो तुमच्याशी धड बोलत असेल. पण भलतंच उत्तर, एकदम चिडणं, दारू प्यायल्यासारखी चाल, उलट्या दिशेने जाणं, तुम्हाला न ओळखणं, यातलं एक जरी दिसलं तरी संपली रेस. आरडाओरडा करून मेडिकल बोलवा आणि ते येईपर्यंत थांबू नका, सावलीत आडवं करून जे गार मिळेल ते अंगावर, बर्फाचा टब मिळाला तर सगळ्यात उत्तम, नाही तर बर्फाच्या पाण्यात भिजवलेले टॉवेल डोक्यावर, छातीवर, मांड्यांवर, आणि ते गरम झाले की लगेच बदला. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका. शरीराचं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं आणि पहिल्या अर्ध्या तासात ते खाली आणलं तर माणूस सहसा पूर्ण बरा होतो, म्हणून आधी गार, मग हॉस्पिटल. काखेतल्या किंवा कपाळावरच्या थर्मामीटरने कमी आकडा दाखवला तर त्यावर भरवसा ठेवू नका.

बाद करण्याचं म्हणाल तर हो, बाहेरच्या माणसाने पाणी, खाणं देणं ही नियमबाह्य मदत धरतात, त्यामुळे तो धड असेल तर काही देऊ नका, नुसता आवाज द्या. धड नसेल तर नियमाचा विचार एक सेकंदही करू नका.

आणि एक काम आजच करा. दोघांनी बसून एक प्रश्न ठरवा जो तुम्ही रनमध्ये प्रत्येक फेरीला विचाराल, पुढचं एड स्टेशन किती किमीवर आहे असा काहीतरी, ज्याचं उत्तर दर वेळी बदलतं आणि जरा विचार करूनच द्यावं लागतं, कारण पाठ झालेलं नाव-पत्ता माणूस ग्लानीतही सांगतो. उत्तर चुकलं किंवा आलंच नाही तर तू थांबवायचंस आणि मी ऐकायचं, हे त्याच्याकडून आत्ता शुद्धीत असताना कबूल करून घ्या. त्या दिवशी तो ऐकणार नाहीच, तेव्हा पहिल्या एड स्टेशनवरच्या मेडिकलवाल्यांना सकाळीच भेटून सांगून ठेवा की मी अशी-अशी आहे, मी हाक मारली तर या.